कुंकवाची बाजू वर

नारू म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. याचे मला समाधान आहे.

तो एक जंत. पाण्यातून पोटात जातो, वर्षभर शरीरात वाढतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पायाला फोड आणून पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर येतो. हातभर लांब, कधी त्याहून अधिक. ओढून काढता येत नाही. तुटला तर पाय पिकतो. काडीवर रोज दोन बोटे गुंडाळायचा आणि थांबायचे. महिना जातो, कधी दोन. तेवढे दिवस माणूस पाय टेकवू शकत नाही. औषध तेव्हा नव्हते. आजही नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतर दुसऱ्या हिवाळ्यात मी अक्कलकोट तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रावर सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून रुजू झालो. वय तेवीस. सोबत वळकटी, सायकल आणि एक भिंग. भिंग सरकारी नव्हते. सोलापुरात एका घड्याळजीकडून मी ते मागून घेतले होते.

केंद्राचे डॉक्टर पन्नाशीचे होते. त्यांनी पहिल्याच दिवशी काम सांगितले.

“देवीची लस, हिवतापासाठी रक्ताच्या काचा, कुटुंबनियोजनाच्या केसेस. या तीन गोष्टी वर विचारतात. चौथी काही करायची असेल तर रविवारी कर.”

“आणि नारू?”

“नारूचा तक्ता कोणी मागत नाही. मागतील तोवर तू म्हातारा झालेला असशील.”

सरकारने तो तक्ता पुढे मागितला. तेव्हा मी म्हातारा झालो नव्हतो. पण डोक्यावरचे केस गेले होते.

माझ्याकडच्या गावांपैकी एक केंद्रापासून चार मैलांवर होते. तिथे मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलत. पिण्याच्या पाण्याची जागा एकच : दगडी पायऱ्यांची जुनी विहीर. बायका खाली उतरत, शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभ्या राहत आणि घागर बुडवत. नारूचा पाय आगीसारखा जळतो. पाण्यात घातला की बरे वाटते. नेमक्या त्याच क्षणी जंत आपली पिले पाण्यात सोडतो. ती पिले पाण्यातल्या एका बारीक किड्याच्या पोटात जातात, तो किडा घागरीतून घरी येतो आणि घरचे ते पाणी पितात. पुढच्या वर्षी त्यांच्या पायाला फोड.

हे चक्र पुस्तकात एका पानावर होते आणि मला पाठ होते. विहिरीच्या काठावर उभे राहून ते डोळ्यांसमोर फिरताना पाहणे निराळे. बाई उतरते आहे, पाय बुडतो आहे, घागर भरते आहे. रोगाची सगळी वाट वीस-पंचवीस पायऱ्यांत मावलेली होती. ती कुठेतरी अडवता येईल, आणि ती मीच अडवीन, असे वाटले. असे वाटायला तेविसावे वर्षच लागते.

पहिल्याच रविवारी मी काचेच्या पेल्यात विहिरीचे पाणी घेतले, उन्हात धरले आणि भिंग लावले. पांढरे ठिपके झटके देत पोहत होते. मी पेला फिरवून फिरवून पाहत होतो. पाठीमागून आवाज आला.

“काय दिसतंय वो साहेब?”

अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, कमरेवर भरलेली घागर. मी पेला उन्हात धरून ठेवला आणि भिंग तिच्या हातात दिले. ती बराच वेळ बघत राहिली.

“ह्ये तर पळतंय की! ह्येच आमी पितो?”

“रोज.”

तिने कमरेवरची घागर तिथेच ओतून दिली. सगळी. मग विचारले, “आता काय पिऊ?”

मी तिची रिकामी घागर उचलून सरळ ठेवली.

ती अकरावी पास झालेली गावातली एकुलती एक मुलगी होती. वडील वारले होते. आई दुसऱ्यांच्या रानात रोजाने जाई. सोलापुरात नर्सचे प्रशिक्षण घेण्यासाठी तिची निवड झाली होती. जूनमध्ये हजर व्हायचे होते. हे सगळे तिने मला त्याच दिवशी सांगितले आणि शेवटी म्हणाली, “मला हितनं जायचंय.” थोड्या वेळाने भिंग परत देताना : “आन् परत यायचंय.”

पायऱ्या बांधून बंद कराव्यात आणि वर रहाट बसवावा, असे मी गावाच्या बैठकीत मांडले. विहिरीला लागून एका म्हातारीचे घर होते. तिचे घर अस्वच्छतेसाठी आणि ती स्वतः जिभेसाठी पंचक्रोशीत माहीत होती. तीच प्रथम बोलली.

“पायऱ्या गेल्यावर आसरांना निवद कुनी दाखवायचा? तुज्या डागदरानं?”

विहिरीच्या तळाशी कोनाड्यात साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, शेंदूर लावलेल्या दगडांच्या रूपाने बसवलेल्या होत्या. बाळंतीण सव्वा महिन्याने खाली उतरून त्यांची ओटी भरी. त्याआधी तिने घागर उचलायची नाही, असा रिवाज. बैठकीतल्या सगळ्या माना म्हातारीच्या बाजूने हलल्या. विषय संपला.

मी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी वर न पाहता उत्तर दिले.

“पायऱ्या हलत नसतील तर किडा अडव. पाणी गाळायला लाव. पदरातून तो निसटतो. दाट कापड पाहिजे. तू सोलापूरचा ना? मग कापडासाठी माझ्याकडे काय आलास?”

पुढच्या रविवारी विहिरीचे पाणी बाटलीत भरून मी सोलापूरची एस.टी. पकडली. बाटली मांडीवर ठेवली. कंडक्टरने विचारले, “तीर्थ हाय का सायेब?” स्वामींच्या गावाहून लोक तीर्थ नेतच असत.

“नाही. किडे आहेत.”

शेजारचा प्रवासी उठला. सोलापूर येईपर्यंत तो उभा होता.

शहराच्या पूर्व भागात माझ्या वडिलांच्या ओळखीचा एक विणकर राहत असे. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. पुढच्या खोलीत माग. मागच्या खोलीत त्याची बायको मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. मी बाटली दाखवली आणि म्हणालो, यातले ठिपके ज्यातून जाणार नाहीत असे कापड हवे. तो हसला. मग त्याने भिंगातून पाहिले. मग त्याने माग बंद केला.

आम्ही टॉवेलच्या कापडापासून सुरुवात केली. ठिपके आरपार गेले. धोतर : गेले. चादर : पाणीसुद्धा उतरेना. “ह्ये पाणीच अडवतंय सार,” तो म्हणाला आणि आतून आणखी तुकडे काढू लागला. बारीक सुताचे घट्ट विणलेले एक कापड निघाले. एकेरी गाळले तेव्हा दोन-तीन ठिपके उतरले. दुहेरी केले. पेला उन्हात धरला. त्याने पाहिले, मी पाहिले, त्याने पुन्हा पाहिले.

“एक बी न्हाई! सार, एक बी न्हाई!”

त्याने बायकोला तेलुगूत मोठ्याने हाक मारली. ती सूप बाजूला ठेवून आली आणि तिनेही पाहिले. माग दुपारभर थांबलेला ऐकून शेजारी चौकशीला आले. माग थांबतो तो घरात कोणी वारले तरच. त्यांनाही पेला दाखवण्यात आला. माझ्या पुढच्या सगळ्या नोकरीत इतकी गर्दी मी कोणत्याही प्रात्यक्षिकाला जमवू शकलो नाही.

विणकराने कापड दिले. बायकोने चौकोनी तुकडे दुहेरी करून कडा शिवल्या. चैत्रात ते गावात पोचले, दर घरी एक. मी प्रत्येक दारात उभा राहून सांगितले : कापड घागरीच्या तोंडाला बांधा, त्यातूनच पाणी ओता, कापड झटका, धुवा, स्वच्छ ठेवा. ‘स्वच्छ ठेवा’ हे मी दोनदा सांगत असे. माझी चूक या दोन शब्दांत होती; मला ती अजून माहीत नव्हती.

वैशाखात नेहमीप्रमाणे नारू निघाले. पारावर माझी वाट बघत माणसे बसलेली असत.

“साहेब, कापडाला बघून नारू बिचकला न्हाय वाटतं!”

“हा मागच्या वर्षीच्या पाण्याचा नारू आहे. आत्ता गाळलेल्या पाण्याचा गुण पुढच्या उन्हाळ्यात दिसेल.”

“म्हंजे औषद औंदा, आन् गुण पुढल्या साली? लई भारी दवाखाना हाय की!”

मी सायकल पुढे काढीत असे. माझे उत्तर बरोबर होते.

जून लागायला बारा दिवस असताना त्या मुलीच्या उजव्या घोट्याला फोड आला. हजर होण्याची तारीख ती खाटेवर असताना गेली. केंद्रामार्फत मी पत्र लिहिले होते. त्याचे उत्तर आले. मी ते तिला वाचून दाखवणार होतो. तिने माझ्या हातून घेतले आणि मलाच वाचून दाखवले. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. पुढच्या वर्षी एकदा विचार होईल. त्यानंतर वयाची अट ओलांडली जाईल.

“एक साल हाय,” ती म्हणाली. “आन् चैतापासनं मी गाळूनच पिलंय. पुढल्या साली निघणार न्हाय. व्हय ना?”

“नाही निघणार.”

मी शब्द दिला. सरकारी नोकराने तो देऊ नये.

पुढच्याच आठवड्यात मी घरोघरच्या गाळलेल्या पाण्याची तपासणी सुरू केली. पहिले घर तिचे घेतले, कारण तिथे खात्री होती. सारवलेली जमीन, घासून लखलखणारी घागर. पेला भरला, उन्हात धरला, भिंग लावले.

ठिपके पोहत होते.

दुसरे घर, तसेच स्वच्छ. ठिपके. तिसरे. ठिपके. गावात जी घरे टापटिपीसाठी नावाजलेली होती, त्या प्रत्येक घरात ठिपके. शेवटी मी विहिरीजवळच्या म्हातारीकडे गेलो. अंगणात कोंबड्यांची घाण. घागरीच्या तोंडाला कापड बांधलेले. बांधले त्या दिवसापासून सोडलेले दिसत नव्हते. मी पेला भरला. पाणी निर्मळ. पुन्हा भरला. निर्मळ.

“काय रं लेकरा, गप का झालास?”

“आजी, तुमचे पाणी चांगले आहे.”

“यप्पा! माज्या घरात झाडू लागत न्हाय म्हून सून नांदली न्हाय, आन् गावात पाणी माजंच चांगलं?” तिने रस्त्यावरून जाणाऱ्या दोघींना थांबवून हे ऐकवले.

मी उन्हातून धावत मुलीच्या घरी परत निघालो. सायकल विहिरीपाशीच राहिली. जे घडले होते ते संकट होते, हे मला समजत होते. तरीही डोके असे वेगाने चालले होते की पायांना ते झेपेना. घाणेरडे घर सुरक्षित आणि स्वच्छ घर धोक्यात, हे कसे? कोडे समोर होते आणि ते सुटणार याची मला खात्री होती. तो आनंद मी त्या वेळी कबूल केला नसता.

मुलीची आई रानातून आली होती आणि पाणी भरत होती. मुलगी दारात पाय पसरून बसलेली. मी आईला म्हणालो, “माझ्यासमोर गाळा.”

तिने पहिली घागर कापडातून ओतली. कापड सोडले, झटकले. विहिरीवरून दुसरी घागर आणली. कापड हातात घेतले, निरखून पाहिले, मळकी बाजू खाली केली, चांगली बाजू वर, आणि बांधू लागली.

“थांबा! उलटे का केले?”

“उलटं कुटलं? मगाची घाण बाजू वर ठिवली तर पाणी घाणीतनंच जाईल की. तुमीच म्हनला, स्वच्छ ठिवा.”

पहिल्या घागरीचे अडकलेले किडे आता कापडाच्या आतल्या अंगाला होते. दुसऱ्या घागरीचे पाणी त्यांना धुऊन सरळ आत सोडत होते. जी बाई जितकी काटेकोर, ती तितक्या वेळा कापड उलटत होती. म्हातारीने आळसाने ते एकदाही सोडले नव्हते.

मी उंबऱ्याबाहेर बसलो आणि दोघींना हे समजावून सांगितले. मुलगी माझ्याकडे बघत होती.

“म्हंजे चैतापासनं मी त्येच पिलं.”

“हो.”

“गावात सगळ्यांत जास्ती मीच उलटिवलं असंल.”

“हो.”

“मग तुमचा शब्द?”

“तो मी परत घेतो.”

“घिऊ नका,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ द्या.”

दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून सोलापूरला गेलो. कापडाची एक बाजू ओळखू येईल असे काही करून द्या, असे विणकराला सांगितले. तो मागावरून उठून उभा राहिला.

“सार, आमची चादर दोन्ही बाजूनं चांगली असते म्हणून दुनिया घेते. तुमाला एक बाजू वाईट पाहिजे? असलं गिऱ्हाईक बापाच्या जल्मात बघितलं न्हाई.”

मागच्या खोलीतून बायको बोलली. विडी वळणे चालूच होते. “पानाला पाठ-पोट असतंय की. मी बघते का वळताना? बोटाला शीर लागती, कळतंय. बाईच्या हाताला कळंल असं करा.”

ती उठली. विड्या बांधायचा लाल दोरा सुईत ओवला. दुहेरी कापडाचा फक्त वरचा पदर उचलला आणि कडेजवळ बोटाच्या पेराएवढा गोल टिळा भरला. वरून लाल, बोटाला खडबडीत. खालून काहीच नाही. विणकराने कापड उलटेसुलटे केले आणि मान डोलावली. त्या आळीतल्या बायकांनी मिळून सगळ्या गावाची कापडे पुरी केली. मी शेवटच्या गठ्ठ्यासाठी दारात येरझारा घालीत होतो. “सार, बसा. दोऱ्याला पाय न्हाईत,” असे मला सांगण्यात आले.

गावात बायका विहिरीवर जमल्या. मी कापड उंच धरले आणि भाषणाला तोंड उघडणार, तोच मुलीची आई म्हणाली, “ह्ये काय? कापडाला कुंकू लावलं व्हय?”

कोणी हसले आणि लगेच गप्प झाले. ती विधवा होती. तिने इकडेतिकडे पाहिले.

“हसा की! माज्या कपाळाचं गेलं, घागरीच्या कपाळाला आलं. बरं झालं.” आणि तीच आधी हसली. मग सगळ्या हसल्या. हसणे थांबल्यावर तिनेच नियम सांगितला : “कुंकवाची बाजू वर. कपाळ कुनी मातीत घालून चालत न्हाय.”

माझे भाषण मी खिशात ठेवले. त्या आठवड्यात मी प्रत्येक घरचा पेला उन्हात धरला. एकाही पेल्यात ठिपका नव्हता. मी डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी टोपी घातली, माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसले आणि चार मैल आले. त्यांचे वजन कमी नव्हते. त्यांनी पाच घरांचे पाणी स्वतः पाहिले, म्हातारीचेही. परतताना म्हणाले, “हे सगळे लिहून काढ.”

“तक्ता कोणी मागत नाही.”

“मी मागतो आहे.”

मग वर्षभर थांबणे आले. मुलीचा पाय श्रावणात भरून आला. चालता येऊ लागताच ती घरोघर जाऊन घागरीच्या तोंडावरचे कुंकू बघू लागली. मी तिला हिवतापाची काच कशी घ्यायची, जखम कशी धुवायची, काडीवर नारूचा दोर कसा धरायचा हे शिकवले. ताण द्यायचा, ओढायचे नाही. हात धुतल्याशिवाय जखमेला बोट लावायचे नाही. हे मी तिला इतक्या वेळा सांगितले की ती माझ्या आधी ते वाक्य पुरे करी. तिने नवा अर्ज पाठवला. निवड पुन्हा झाली. जूनची तारीख आली.

मला मोठ्या गावाला बदली मिळत होती. मी ती घेतली नाही. डॉक्टरांनी कारण विचारले नाही.

चैत्र उजाडला. एकही फोड नाही. वैशाखात गावाबाहेरच्या वस्तीवर एकाला नारू निघाला. तो कापड वापरत नसे. मग आणखी दोघांना. मागच्या वर्षी याच दिवसांत गल्लीगल्लीत माणसे खाटेवर होती. उलटलेल्या कापडानेही बरेच किडे अडवले असावेत. पारावरचा सूर बदलला.

“काय साहेब, नारू रस्ता चुकला का काय औंदा?”

“वाट बघा.”

“आमी न्हाय बघत. तुमीच बघताय, रोज सायकल हाणून!”

ते खरे होते. रोज जाण्याचा नियम नव्हता. मी रोज जात होतो. सकाळी मुलगी दारात बसून अंगठ्याने दोन्ही पाय चाचपीत असे, गुडघ्यापासून तळव्यापर्यंत, जसे मी शिकवले होते तसे. माझी सायकल वळणावर दिसली की ती लांबूनच ओरडे : “न्हाय!” मी तो एक शब्द ऐकायला चार मैल जात होतो. ऐकला की पायडल हलके होत.

वैशाख गेला. ज्येष्ठ लागला. “न्हाय!” आठ दिवस राहिले. “न्हाय!” चार. दोन.

निघायच्या दिवशी सकाळी एस.टी.च्या थांब्यावर मी आधीच उभा होतो. ती पिशवी घेऊन आली. मागून आई, डोक्यावर पत्र्याची ट्रंक. त्यांच्या मागून म्हातारीही आली होती.

आई चालत होती, पण डावी टाच टेकवत नव्हती. लुगड्याच्या काठाखाली चिंधीचे टोक दिसले. तोवर मी पुष्कळ पाय पाहिले होते. मला दुसऱ्यांदा पाहावे लागले नाही. तिने माझी नजर ओळखली. ट्रंक खाली ठेवली, पाय ट्रंकेमागे घेतला आणि माझ्याकडे बघून मान अगदी थोडी हलवली.

नियम असा होता की रोगी दिसताच नोंद करायची आणि घरच्यांना सांगायचे. तो नियम मीच केला होता.

“पत्र घेतलेस?” मी मुलीला विचारले.

“हाय.”

“दाखला?”

“हाय. साहेब, तुमी असं का बघताय?”

“गाडीला उशीर झाला आहे.”

गाडी आली. ट्रंक टपावर गेली. मुलगी चढली आणि खिडकीतून ओरडली, “आये, कुंकवाची बाजू—”

“वर! म्हायती हाय! बस खाली!”

धूळ खाली बसेपर्यंत आई उभी राहिली. मग मैलाच्या दगडावर बसली आणि पाय पुढे केला. “आता बगा.”

फोड फुटलेला होता. “कधीपासून?” मी विचारले.

“चार दिस झालं. सांगितलं असतं तर ती गेली नसती.”

“पाणी कुठले प्यायलात?”

“मागल्या उनाळ्यात भुईमूग काढाया गेल्तो. रानात कापड कुटलं?”

रानातल्या पाण्याने की घरच्या उलटलेल्या कापडाने, कोण सांगणार? मुलगी घरचे तेच पाणी प्यायली होती. ती का वाचली, हे मला आजही सांगता येत नाही.

“तुम्ही आता विहिरीत उतरायचे नाही,” मी म्हणालो. “पाणी कोण आणेल?”

“मी आणीन की,” म्हातारी म्हणाली. “पर घर झाडाया सांगू नगा.”

नोंदवहीत मी दुसऱ्या दिवसाची तारीख घातली. नोकरीत मी केलेली खोटी नोंद तेवढी एकच.

दोन आठवड्यांनी एका रविवारी मी मुलीच्या घरी बसून आईच्या पायातला दोर काडीवर घेत होतो. दारात सावली पडली. मुलगी सुट्टी घेऊन आली होती. तिने पाय पाहिला, काडी पाहिली, मला पाहिले. पिशवी खांद्यावरच होती.

“कवा निघाला?”

मी वही पुढे केली. तिने तारीख वाचली.

“त्या दिशी आयेनं पाय ट्रंकेमागं घेतला. मी गाडीत बसून लई इचार केला, का घेतला आसंल म्हून.” तिने वही मिटली. “तुमी बघितला हुता.”

“हो.”

“आन् मला गाडीत बसू दिलं.”

“हो.”

मुलीने पिशवी उतरवली, माझ्यासमोर गुडघे टेकले आणि काडीकडे हात नेला. मग थांबली. तिची नजर माझ्या बोटांवर होती. मी सायकलवरून उतरून तसाच बसलो होतो.

“साहेब, हात धुतले का?”

“नाही.”

“मग उठा.”

मी काडी आईच्या हाती दिली आणि उठलो. कोपऱ्यात घागर होती. कुंकवाची बाजू वर होती. साबण लावून हात धुतले. परत आलो तेव्हा मुलीचे हातही ओले होते आणि काडी तिच्या चिमटीत होती. ती ताण देत होती, ओढत नव्हती.